वनीची टायरं आणि आमचं शहाणपण

“मेलंय ह्ये टायर,” आबा म्हणाले आणि त्यांनी सळईचा आणखी एक टोला हाणला. “आवाज ऐक की जरा. फद्द वाजतंय. टायर कसं टणटण वाजाय पायजे.”

“आबा, ही सायकल आहे. तुमची एसटी नव्हे,” वनी म्हणाली.

“चाक ते चाक.”

माझे वडील एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. आंबोलीच्या घाटात, धुक्यात, पुढचं बोट दिसत नाही अशा पावसात त्यांनी गाडी हाकली. पण माणूस सोडा, कोंबडीसुद्धा कधी चाकाखाली घेतली नाही. रोज पहाटे गाडी काढायच्या आधी एकेक टायर सळईनं ठोकायचं आणि आवाजावरनं हवा ओळखायची, हा त्यांचा नेम. रिटायर झाल्यावर ठोकायला काही उरलं नाही, तेव्हा ते गॅसचं सिलिंडर ठोकायला लागले. मग पाण्याची टाकी. मग बाजारातली कलिंगडं. त्यामुळं घरात दोन नवीन टायरजोड्या आल्या त्या दिवशी आबांच्या तोंडावर जो आनंद होता, तो पुढं माझ्या लग्नातसुद्धा दिसला नाही.

मी विलास कुराडे. गोष्ट चौदा वर्षांमागची, तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि गडहिंग्लज रस्त्याला माझं टायर रिमोल्डिंगचं दुकान होतं. ट्रकची झिजलेली टायरं घ्यायची, त्यावर नवीन रबर चढवायचं, भट्टीत शिजवायचं आणि नटवून परत द्यायचं, असा धंदा. टायर या विषयावर मी बोलायला लागलो की समोरच्यानं खुर्ची ओढून बसावं, अशी माझी समजूत होती. समोरचा बसायचा नाही, निघून जायचा, तो भाग वेगळा.

आणि वनी, म्हणजे वनिता, माझी धाकटी बहीण. बावीस वर्षांची. डोंगरातल्या सायकल शर्यतीचं वेड डोक्यात शिरलेलं. येत्या रविवारी घोडेतळच्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या कातळमाळावर, जिल्ह्याची निवड होती. पहिल्या दोघी राज्याच्या शर्यतीला नाशिकला जाणार, बाकीच्या घरी. पुढच्या वर्षी वनी वयात बसणार नव्हती. म्हणजे हीच शेवटची संधी. त्यात तिनं आबांना शब्द देऊन ठेवला होता, की यंदा निवड झाली नाही तर सायकल माळ्यावर टाकीन आणि मुकाट इचलकरंजीला मामीच्या शिवणक्लासात जाईन. आता वनीला सुईत दोरा ओवायचा म्हटला तरी घाम फुटायचा. एकदा तिनं माझ्या शर्टाचं बटण लावलं, तर शर्ट तिच्या स्वतःच्या ओढणीला शिवला गेला. त्यामुळं शिवणक्लास हा शब्द आमच्या घरात ती असताना हळू आवाजात उच्चारला जायचा.

सायकलीची जुनी टायरं गुळगुळीत झाली होती. पुण्याच्या दुकानदारानं दोन जोड्या पाठवल्या होत्या. आवडेल ती ठेवा, दुसरी परत करा. पुढच्या सोप्यात दोन्ही जोड्या मांडून आम्ही बसलो होतो.

पहिल्या जोडीवरची बटणं, म्हणजे टायरवरचे ते रबराचे उंचवटे, बारीक आणि दाट होती. रबर कडक. दुसऱ्या जोडीची बटणं उंच, एकमेकांपासून लांब लांब, आणि रबर मऊ.

“ह्यात विचार कसला करायचा?” मी पहिल्या जोडीवर हात ठेवला. “कडक रबर. झिजणार नाही. धंद्यातला माणूस सांगतोय. बारा हजार किलोमीटर मरण नाही ह्याला.”

“दादा,” वनी म्हणाली, “मला बारा किलोमीटर जायचंय.”

यावर मी पाणी प्यायलो.

“हे बघ,” ती म्हणाली, “सड्यावर एक तर शेवाळलेला कातळ, नाही तर तांबडा चिखल. दाट बटणांच्या मधे चिखल भरला की बटणं राहतात कुठं? नुसतं चिखलाचं वेटोळं फिरतं. लांब लांब बटणं असली की चिखल निसटून जातो. आणि ओल्या कातळावर मऊ रबर चिकटतं, कडक सुटतं. वर हवा कमी ठेवायची. बावीस पौंड.”

आबांच्या हातातली सळई खाली पडली.

“बावीस? अगं, बावीस पौंड म्हंजे पंक्चरच की! विलासची आई, ऐकलंस का? लेक पंक्चर सायकल घिऊन शर्यतीला चाललीया!”

आई आतून हात पुसत आली. खाली बसली आणि तिनं पहिल्या टायरमधे अंगठ्याचं नख रुतवलं. रुतेना. मग दुसऱ्यात रुतवलं. रुतलं.

“ह्यो ठेव,” ती म्हणाली.

“आई, तुला टायरातलं काय कळतं?” मी म्हणालो.

“टायरातलं न्हाई कळत. घसरण्यातलं कळतं. गेल्या पावसात तुझी पारूआत्या नव्या कडक चपला घालून हिरीवर आलती. कुटं गेली?”

“विहिरीत,” आम्ही तिघंही म्हणालो.

“आन् मी? तीस वर्सं त्याच पायऱ्या उतरतोय. चप्पल घेताना आदी नख लावून बघतोय मी. मऊ असली तरच पायात.”

मला ते पटलं नाही. चपलेवरनं टायर निवडायचं म्हणजे जावयाला बघून बैल घेण्यातला प्रकार. शेवटी ठरलं, की विहिरीजवळच्या दगडी फरशीवर दोन्ही टायरं लावून बघायची. त्या फरशीवर श्रावणात इतकं शेवाळ असायचं की कावळासुद्धा चालत यायचा नाही, उडतच यायचा. वनीनं आधी कडक टायरं चढवली. मी सायकलीवर बसलो, दोन्ही ब्रेक करकचून दाबले आणि म्हणालो, “बघा आता. तसूभर हलणार नाही.”

आईनं मागनं एका बोटानं ढकललं.

मी थेट धुण्याच्या दगडापर्यंत गेलो. बसलेला, ब्रेक दाबलेला, चेहऱ्यावरचा आत्मविश्वास तसाच. दगडाशी थांबलो, पण सायकल आधी थांबली आणि मी नंतर.

मग मऊ टायरं लावली, हवा कमी केली. आईनं बोटानं ढकललं, दोन हातांनी ढकललं, शेवटी पदर खोचून खांद्यानं रेटलं. चाक हलेना.

“योगायोग आहे,” मी कोपर चोळत म्हणालो.

“हवा कमी म्हंजे हवा कमी,” आबा पुटपुटले. “घाटात अशी गाडी काढली असती तर डेपो मॅनेजरनं उभा जाळला असता.”

पण निर्णय झाला होता. घरातल्या दोन बायकांनी घरातल्या दोन टायरतज्ज्ञांना विचारलं नव्हतं, आणि तेच आम्हांला लागलं होतं. शनिवारी सकाळी वनीनं टायरं बसवली, हवा मोजली आणि आम्हांला उभं करून बजावलं, “सायकलीला कुणी हात लावायचा नाही. समजलं? कुणी म्हणजे कुणी.”

“आम्ही कशाला लावतोय?” आम्ही दोघं एका सुरात म्हणालो.

दुपारी वनी रस्ता बघायला चालत सड्यावर गेली. मी दुकान बंद करून जेवायला आलो, तर सोप्यात सायकल उभी. टायरं चांगली, पण दिसायला कशी? मळकट, राखाडी, उतरल्या चेहऱ्याची. आमच्या धंद्यात रिमोल्ड टायर कसंही निघो, दुकानातनं बाहेर जाताना त्याला काळं पॉलिश मारल्याशिवाय सोडत नाहीत. गिऱ्हाईक आधी चमक बघतं, मग टायर. आणि माझी सख्खी बहीण जिल्ह्याच्या शर्यतीला अशी टायरं घेऊन उभी राहणार? लोक म्हणतील, भाऊ टायरवाला आणि बहिणीची ही दशा. दुकानातनं डबा आणला. फक्त कडेला जरासा हात फिरवावा, एवढाच विचार होता. पण हाताला सवय असते हो. कडेवरनं ब्रश वर गेला, वरनं पलीकडं, आणि दहा मिनिटांत दोन्ही टायरं जांभळासारखी चमकायला लागली. मला भरून आलं. वनी संध्याकाळी आली ती दमून, जेवून झोपली. सायकलीकडं तिनं बघितलंच नाही.

रविवारी झिमझिम पाऊस. वनीला उठायला उशीर झाला होता, त्यामुळं टायरांकडं बघायला तिला सवडच मिळाली नव्हती. सड्यावर शंभरेक माणसं, छत्र्या, इरली, भज्यांची गाडी. सुतार सर पंच होते. एका हातात छत्री, एका हातात नियमांचं पुस्तक आणि तोंडात शिटी, त्यामुळं ते बोलायला लागले की आधी शिटीच वाजायची.

“चार-चार किलोमीटरच्या तीन फेऱ्या,” त्यांनी सांगितलं. “बाहेरच्यांनी मदत करायची नाही. केली तर खेळाडू बाद. ओरडून उत्साह वाढवा हवा तेवढा.”

नऊ पोरी रेषेवर उभ्या. वनी सगळ्यांत कडेला. ती माझ्याकडं बघून हसली, आणि सरांची शिटी वाजली.

आठ पोरी पुढं गेल्या. वनीचं मागचं चाक जागच्या जागी गरगर फिरलं, सायकल आडवी झाली आणि ती रेषेवरच पडली.

“नारळ फुटला!” गर्दीतनं कुणीतरी म्हणालं.

ती उठली, बसली, पन्नास पावलांवर परत पडली. मग वळणावर. माझ्या बहिणीला मी झाडावरनं पडताना बघितलं होतं, म्हशीवरनं बघितलं होतं. पण सपाट जागेवर उभ्या-उभ्या पडताना पहिल्यांदा बघत होतो. पहिली फेरी संपवून ती आमच्या समोरनं गेली तेव्हा आठवी होती. नववी पोरगी चेन तुटल्यामुळं भजी खात होती.

वनी जवळनं गेली तेव्हा मला टायर दिसलं. पावसाचे थेंब त्यावर ठरत नव्हते. अळवाच्या पानावरनं पळतात तसे गोल गोल होऊन पळत होते. कडेलाच लावलं होतं ना मी? मनाला विचारलं. मन म्हणालं, नाही.

“दुसऱ्या फेरीत सुधारंल,” मी मोठ्यानं म्हणालो.

आई माझ्याकडं बघत होती. तोंडाकडं नव्हे, हाताकडं.

“इलास, तुझी नखं काळी का?”

“दुकानात काम असतंय आई.”

“काल दुपारनं दुकान बंद हुतं. हात दे बघू.”

मी हात मागं घेतला. आईनं तो पुढं ओढला, नाकाशी नेला, आणि तिच्या तोंडावर जे आलं ते बघून शेजारच्या बाईनं आपली छत्री लांब घेतली.

“टायरला पॉलिश लावलंस? चिखलात पळायच्या टायरला? अरे, तेल लावून पोरीला कुस्तीत सोडल्यासारखं केलंस की रं!”

“काय म्हणायचं ह्या पोराला,” आबा मान हलवायला लागले. “एवढं बजावून सांगिटलं हुतं पोरीनं, की सायकलीला हात...”

“आन् तुमच्या पायजम्याला ह्ये पंपाचं ग्रीस कसलं?” आईनं तोंड तिकडं वळवलं.

आबांनी पायजम्याकडं असं बघितलं, जसा काही तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

“किती भरली हवा?”

“जरा.”

“किती?”

“टणटण वाजंपर्यंत,” आबा खाली बघून म्हणाले. “पहाटे उठलो. ठोकून बघिटली. फद्द वाजली. मला ऱ्हावलं न्हाई गं. पोरगी घसरून पडंल ह्या भ्यानं भरली.”

आईनं आम्हां दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. एकीकडं नवरा, एकीकडं लेक, आणि दोघांनी मिळून तिच्या पोरीला शिवणक्लासाच्या दारात नेऊन उभं केलेलं.

“दोगंबी जावा,” ती म्हणाली. “आत्ताच्या आत्ता. सांगा तिला.”

सांगायचं कसं? वनी सड्याच्या पलीकडल्या अंगाला होती. परत आमच्यासमोर येईतो दुसरी फेरी संपली असती. एकच जवळची वाट होती, ती म्हणजे म्हशीची घसरंड. डोंगराची ती बाजू इतकी निसरडी, की पावसाळ्यात म्हशी तिथनं पाय न उचलता खाली येतात. खाली उतरलं की शर्यतीचा रस्ताच लागतो.

आबा तिथं कडेला थांबले. “गडबड न्हाई करायची. दुसऱ्या गिअरमधी उतरायचं. आडवं पाऊल टाक, मग बघ, मग दुसरं...”

त्यांचं वाक्य पुरं झालं नाही, कारण मी निघालो होतो. चालत नव्हे. माझा पाय सुटला, मी बसलो आणि बसल्या-बसल्या वेग घेतला. मागनं “अगागागा!” असा आवाज आला. एकतीस वर्षांत आबांची गाडी पहिल्यांदा सुटली होती. मधे एका करवंदीच्या जाळीपाशी त्यांनी मला ओव्हरटेक केलं. हॉर्न दिल्यासारखे ते “बाजूला! बाजूला!” ओरडत होते. तसंच आम्ही बापलेक मागंपुढं, चिखलाचे दोन गोळे, खाली रस्त्याच्या कडेला येऊन आदळलो.

वनी समोरनं येत होती. आम्हांला बघून तिनं ब्रेक दाबला, आणि अर्थातच पडली.

“आबा! दादा! काय झालं? आई बरी आहे ना?”

मला श्वास घ्यायला जमेना. आबा चिखलातनं गुडघ्यावर उठले. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्याची हवा कमी आहे म्हणून शिव्या घातल्या, तो दोन्ही हात वर करून ओरडला, “हवा काढ, पोरी! हवा काढ!”

“काय?”

“मी भरलीया! पहाटे! काढ म्हंतो ना, निम्मी काढ!”

“आणि टायरला पॉलिश हाय,” मी म्हणालो. “मी लावलंय.”

वनीनं आधी आबांकडं बघितलं, मग माझ्याकडं. तसं बघणं मला परत कुणाकडून नको. मग ती खाली बसली, व्हॉल्व्ह दाबला, फुस्स. दुसरा, फुस्स. अंगठ्यानं टायर दाबून बघितलं. उठली, दोन्ही ब्रेक आवळले आणि सायकल रस्त्याकडेच्या खरखरीत मुरमावरनं फरफटत नेली. उलटी, सुलटी, परत उलटी. चाक जरा फिरवायची, परत फरफटवायची. काळी चकाकी खरवडून निघाली आणि खालचं राखाडी, मळकट रबर दिसायला लागलं. माझा हात मदतीला पुढं गेला.

“हात मागं!” ती किंचाळली. “बाद करतील मला!”

मी हात पाठीशी बांधून उभा राहिलो.

ती बसली, पायडल मारलं, आणि चाकानं जमीन धरली. बघता बघता ती वळणाआड गेली. आबा चिखलात बसूनच राहिले. म्हणाले, “धरलं की रं चाकानं.” मी म्हणालो, “धरलं.” आणि आम्ही दोघंही रडलो का काय कुणास ठाऊक, पाऊसच एवढा होता.

वळसा घालून आम्ही शेवटच्या रेषेपाशी परतलो तेव्हा तिसरी फेरी संपत आली होती. फेरीच्या शेवटी कातळाचा एक लांब ओला उतार होता. तिथं पोरी सायकलीवरनं उतरायच्या आणि हातात धरून चालत खाली यायच्या. पहिली पोरगी कधीच पुढं निघून गेली होती, ती कुणाला सापडणारी नव्हती. दुसरी पिवळ्या टीशर्टवाली. ती उतारावर उतरून चालायला लागली तेव्हा वर वनी दिसली. तिसरी.

“उतर, वनी!” मी ओरडलो. सवयच ती, सांगायची.

ती उतरली नाही. मागं रेलून, सावकाश, ब्रेक दाबत-सोडत ती सायकलीवर बसूनच खाली आली. मऊ टायरं कातळाला पाल चिकटावी तशी चिकटली होती. पिवळ्या टीशर्टवालीच्या शेजारनं ती गेली आणि एका सायकलभर अंतरानं दुसरी आली.

आई नाचत होती. माझी आई नाचते हे मला तोवर माहीत नव्हतं. आणि तेवढ्यात सुतार सरांची शिटी वाजली. पिवळ्या टीशर्टवालीचे मामा त्यांच्यासमोर उभे होते.

“हरकत आहे आमची! ह्या पोरीला तिच्या घरच्यांनी मधे रस्त्यात गाठून मदत केली. मी डोळ्यांनी बघितलंय. करा बाद!”

सरांनी आम्हांला बोलावलं. आम्ही दोघं पुढं झालो. ओळखू यायला त्यांना जरा वेळ लागला.

“कुराडे, तुम्ही खाली उतरून हिला काय सांगितलंत?”

भोवती शंभर माणसं जमली. त्यात दहा-बारा तरी ट्रकवाले, माझं रोजचं गिऱ्हाईक. वनी चिखलानं भरलेली, सायकल धरून उभी. तिचा सगळा जीव माझ्या तोंडाकडं लागलेला. शाब्बास म्हणालो, एवढंच सांगून सुटता आलं असतं. पण मामांनी फुस्स करून हवा सुटताना बघितली होती, आणि आबांना खोटं बोलता येत नाही.

“सर,” आबांनी सुरुवात केली, “पहाटे मी टायरात टाईट हवा भरलती. तिला न सांगता. ते सांगिटलं.”

“आणि तुम्ही?”

“मी,” मी घसा साफ केला. “मी टायरचा धंदा करतो.”

“माहीत आहे.”

“मी तिच्या टायरला पॉलिश लावलं. सगळीकडनं. चमकावं म्हणून. ते सांगितलं.”

मागनं एक ट्रकवाला म्हणाला, “म्हंजे माझ्या मागल्या चाकाला बी...?” आणि सगळा सडा हसायला लागला. भजीवाला झारा टाकून हसला. सरांनी शिटी वाजवायचा प्रयत्न केला, पण हसू फुटल्यामुळं शिटी फुर्र फुर्र वाजत राहिली.

“मामा,” शेवटी ते म्हणाले, “पुस्तकात मदतीला बंदी आहे. ह्या दोघांनी हिच्या सायकलीची वाट लावली आणि मग वाट लावलीय असं कळवलं. टायर नीट केलं ते हिनं एकटीनं. ह्यात मदत कुठली, दाखवा.”

मामांनी आमच्याकडं बघितलं. आबांच्या कानात चिखल होता, माझ्या पँटची मागची बाजू घसरंडीवरच राहिली होती.

“नाही हो सर,” मामा म्हणाले, “असली मदत वैऱ्याला नको.” आणि त्यांनी हरकत मागं घेतली.

नाव पुकारलं गेलं. वनिता कुराडे, नाशिक. आई वनीच्या गळ्यात पडली. आबा आईला समजावत होते की मी गाडी चालवत नव्हतो, चालत होतो, त्यामुळं हा अपघात धरत नाहीत. मी मात्र लांब उभा होतो. ट्रकवाले जाता जाता पाठीवर थाप मारत होते आणि नको ते विचारत होते. पुढं सहा महिने दुकानात येणारा प्रत्येक जण आधी एवढंच म्हणायचा, “पॉलिश नको बरं का.”

गर्दी पांगल्यावर वनी सायकल घेऊन माझ्याजवळ आली.

“का लावलंस रे?”

“मळकट दिसत होती म्हणून.”

“दादा.”

मग मी खरं सांगितलं. ते मी आदल्या दिवशी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. “टायर तू निवडलंस, आईनं निवडलं. गावभर मी टायरवाला. सख्ख्या बहिणीला टायर लागलं तर तिला मी नको झालो. माझं कायतरी त्या चाकावर असावं असं वाटलं, एवढंच. राग आला होता मला.”

मला वाटलं ती हसेल. नाही तर शिव्या घालेल. तिनं तोंडावरचा चिखल बाहीनं पुसला, म्हणजे आणखी पसरवला.

“सायकल तूच शिकवलीस मला. शाळेच्या मैदानावर.”

“हां. मागनं कॅरिअर धरून पळायचो.”

“‘धरलंय, धरलंय’ म्हणून ओरडत होतास. सबंध मैदानाला फेरी मारली मी. खरंच धरलं होतंस?”

“छे. कवाच सोडली होती.”

“मग तेवढंच कर की. नाशिकला ये,” ती म्हणाली आणि सायकलीवर बसली. “मागनं पळ. ओरड काय ओरडायचं ते. पण धरू नको.”

घरची वाट उताराची होती. तिनं पायडल मारलं आणि सायकल निघाली. माझी पँट फाटलेली, गुडघे सोललेले, मागं उरलीसुरली माणसं बघत होती. मी तिच्या मागनं धावत सुटलो. “धरलंय! धरलंय!” ओरडत, दोन्ही हात वर करून, तिनं वळून बघितलं तर दिसावेत म्हणून.